पिकअपचे क्राऊन-पिनियन बदलावे काय?

हमरस्त्यावर डिझेल वाचावे म्हणून पिकअपच्या मागच्या ॲक्सलमधील क्राऊन-पिनियनची जोडी बदलावी, असा विचार शेतकरी बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो निराधारही नाही. पिनियनला 10 व क्राऊनला 41 दाते असल्यास चाकाच्या एका फेऱ्यास पिनियनचे 4.1 फेरे होतात. क्राऊनला 37 दाते असलेली जोडी बसविल्यास त्याच वेगाला व त्याच गिअरमध्ये इंजिनाचे फेरे सुमारे 10 टक्क्यांनी घटतात.

परंतु चाकाची ओढही तितकीच घटते, हे विसरू नये. धाराशिवहून सोलापूरच्या बाजारात कांदा नेताना तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने उतरावा लागतो. तेथे इंजिनाचा रोध कमी पडून ब्रेकवर भार येतो. परतताना खताची पोती घेऊन तोच घाट चढायचा असतो. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना क्लच झिजतो.

सपाट रस्त्यावर हलका माल घेऊन रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्या गाडीस हा बदल एक वेळ मानवेल. शेताची वाट, घाट आणि बाजार या तिन्ही ठिकाणी राबणाऱ्या गाडीस मूळची जोडीच हितावह होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. टायरांत योग्य हवा, मर्यादेतील माल व आवरलेला वेग यांनीही डिझेल वाचते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधी हेच उपाय सांगावेत.