सांस्कृतिक ख्रिस्ती नावाची पंचाईत

२०२४ च्या ईस्टरला रिचर्ड डॉकिन्स यांनी ब्रिटनमधील एका रेडिओ मुलाखतीत स्वतःला ‘सांस्कृतिक ख्रिस्ती’ म्हणवून घेतले. तसे ते याआधीही म्हणाले होते. ख्रिस्ती सिद्धान्तांवर आपला विश्वास नाही; पण कॅरोल आवडतात, कॅथीड्रल आवडतात, आणि राहायचे तर ख्रिस्ती वळणाच्या देशातच बरे वाटते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आमच्या ओळखीच्या काही भाविकांना या बातमीने गुदगुल्या झाल्या. ‘द गॉड डिल्यूजन’ (२००६) चा लेखक ओसरीपर्यंत आला, आता उंबरठा ओलांडायला कितीसा वेळ! आम्हांला नेमके उलट वाटते. २००६ चे डॉकिन्स आम्हांला अधिक जवळचे होते. ते निदान ‘हे खरे आहे का?’ असे विचारीत होते. आता तो प्रश्न त्यांच्या लेखी निकालात निघाला असून उरले आहे ते वास्तूचे नक्षीकाम.

तेव्हाच्या त्यांच्या मांडणीला उत्तर देता येत होते. विश्वाची गुंतागुंत समजावून देण्यासाठी ईश्वर नावाचे गृहीतक मांडले, तर तो निर्माता विश्वाहूनही अधिक गुंतागुंतीचा असणार, मग त्याचे स्पष्टीकरण कोण देणार, हा त्यांचा बिनतोड वाटणारा मुद्दा. परंतु ज्या ईश्वराचे हे खंडन आहे तो विश्वातील एक अवाढव्य वस्तू आहे. इतर कारणांच्या रांगेत पहिल्या क्रमांकावर उभे असलेले आणखी एक कारण. ख्रिस्ती परंपरेने असा ईश्वर मानलेला नाही. तेराव्या शतकातल्या टॉमस अक्वायनसने विश्वाला काळात आरंभ आहे हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही असे स्पष्ट म्हटले, आणि तरीही सृष्टी निर्मिलेली आहे असेच तो मानीत राहिला. कारण त्याच्या दृष्टीने निर्मिती म्हणजे कोणे एके काळी घडलेली घटना नव्हे, तर जे जे आहे त्याचे प्रतिक्षणी असलेले अवलंबन. बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाची आणि १९३१ मध्ये आद्य अणूची कल्पना मांडली. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी त्या विज्ञानात बायबलमधील निर्मितीची ग्वाही शोधली, तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून त्यांना अलिप्त हवा होता. श्रद्धेला विज्ञानाच्या फटीत कोंबणारे भाविक आणि त्या फटी बुजल्या की श्रद्धा संपली म्हणणारे नास्तिक, दोघांचेही चित्र एकच आहे. लमेत्र यांनी ते नाकारले होते.

आपल्या विद्यार्थ्यांना साहित्यसिद्धान्तामुळे परिचित असलेले मार्क्सवादी टेरी ईगल्टन यांनी २००६ सालीच ‘लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये डॉकिन्स यांना धर्मशास्त्र न वाचल्याबद्दल झोडपले होते. तो आक्षेप अर्धाच खरा. वसईच्या वाडीतल्या भाविकाने तरी अक्वायनस कुठे वाचलेला असतो?

दुःखाच्या प्रश्नावर मात्र आमच्यापाशी डॉकिन्स यांना गप्प करील असे उत्तर नाही, आणि ते आहे असे सांगणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे. ईश्वराविरुद्धची सर्वांत दाहक फिर्याद ‘ब्रदर्स कारमाझोव्ह’मध्ये (१८८०) इवानच्या तोंडी आहे आणि ती लिहिली आहे एका श्रद्धावंत ख्रिस्ती लेखकाने. ईयोबाचे पुस्तक बायबलच्या बाहेर नाही, आतच आहे. क्रुसावर टांगलेला येशू ईश्वराने आपल्याला टाकले असा आक्रोश करतो आणि शुभवर्तमाने तो आक्रोश झाकून ठेवीत नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. परंपरागत धर्मावरचा त्यांचा विश्वास उडाला. १८८२ मध्ये पतीही गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेली ही बाई दुःखाच्या प्रश्नाशी अनभिज्ञ होती असे कोण म्हणेल?

आणि इथेच आमचे खरे भांडण सुरू होते. ते ऑक्सफर्डशी कमी आणि आपल्या मराठी विभागांशी अधिक आहे. कारण ‘सांस्कृतिक ख्रिस्ती’ हे वाचन आपण डॉकिन्स यांच्या कितीतरी आधीपासून करीत आलो आहोत. रमाबाई शिकवताना आपण ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) शिकवतो, शारदा सदन शिकवतो. ज्या कामात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घातली, ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर (मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध) तळटिपेत जाते. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी केलेला कडाक्याचा पत्रवाद आपण ‘वसाहतवादी अधिकाराला दिलेला नकार’ म्हणून वाचतो. तो तसा होताच. पण तो त्रैक्याविषयीही होता! एक बुद्धिमान स्त्री ईश्वराच्या स्वरूपाविषयी मनापासून वाद घालू शकते, ही शक्यता आपल्या परिभाषेत बसत नाही.

रेव्हरंड टिळकांचे तेच. ‘फुलामुलांचे कवी’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. १८९५ चे धर्मांतर आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून मांडलेला ‘देवाचा दरबार’ हे चरित्रातले तपशील ठरतात, कवितेचे इंधन नव्हे. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ विनोदासाठी वाचायचे, स्त्रीच्या आत्मकथनासाठी वाचायचे. नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली ही स्त्री १९०० साली स्वतः बाप्तिस्मा का घेते, हा प्रश्न आला की आपण समाजशास्त्राच्या आडोशाला जातो. एकदा एका विद्यार्थिनीने वर्गात सरळ विचारले, ‘‘सर, पण त्यांना हे खरंच खरं वाटत होतं का?’’ आम्ही, स्वतः श्रद्धावंत असूनही, तत्कालीन प्रबोधनाच्या संदर्भावर दहा मिनिटे बोललो. तिने वही मिटली.

आगरकरांच्या वारशातले नास्तिक, १९९० साली ‘आजचा सुधारक’ सुरू करणारे दि. य. देशपांडे, असे काही करीत नसत. त्यांच्या लेखी श्रद्धा ही बुद्धीची चूक होती. आणि चूक ठरवायची तर आधी विधान गंभीरपणे घ्यावे लागते.

यावर विवेकवादी मित्र गोव्याचे नाव घेतील. घ्यावेच. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले ते इन्क्विझिशनच्या छायेत, जे १५६० ते १८१२, मधला अल्पकाळ वगळता, चालले. ओवीचे कौतुक करणाऱ्याने या सालांवरून नजर फिरवू नये. उलट ‘सांस्कृतिक’ वाचनालाच ती फिरवणे सोपे जाते, कारण त्याला हवे असते ते सौंदर्य. ज्याला क्रुसावरचा माणूस खरोखरच ईश्वर वाटतो त्याला मात्र हे कबूल करावे लागते की इन्क्विझिटरच्या न्यायासनासमोर उभा असलेला आरोपी त्या माणसाच्या अधिक जवळचा होता. यातून मानवी प्रतिष्ठेचे सारे श्रेय ख्रिस्ती धर्माला देण्याचा, हल्ली पश्चिमेत लोकप्रिय झालेला दावा आम्ही करीत नाही. बुद्ध आणि चक्रधर ज्यांच्या भाषेत आहेत त्यांना तो शोभणारही नाही. शिवाय उपयुक्त आहे म्हणून खरे, हा युक्तिवाद नास्तिकाने केला तर आपण हसतो.

जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांत आम्हीही होतो. आम्ही हरित वसईच्या लढ्याचा दाखला दिला, ललित गद्याचा दिला, संतसाहित्याच्या व्यासंगाचा दिला. ‘सुबोध बायबल’चा उल्लेख केला तोही अकादमी पुरस्कार मिळालेले पुस्तक म्हणून. हा मनुष्य रोज सकाळी मिस्सा अर्पण करतो आणि बाकीचे सारे त्यातून येते, एवढे एक वाक्य मात्र आम्ही उच्चारले नाही. ते अडचणीचे झाले असते. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. आमच्या श्रद्धांजलीच्या मजकुरातही ते वाक्य नव्हते.