न थांबणारा संगणकच धोक्याचा
घरी जुळवलेल्या संगणकाचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्यावर तो मध्येच बंद पडू लागला, की अनेक जण थेट व्होल्टेज वाढवतात. उष्णता मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, 1.20 चे 1.35 व्होल्ट केले, तर वेग तोच राहूनही ती सुमारे 27 टक्क्यांनी चढते. माझ्या मते आधी वेग 100 मेगाहर्ट्झने उतरवावा, रॅमचा वाढवलेला वेगही मूळपदावर आणावा (दोष पुष्कळदा तिथेच निघतो) आणि ‘प्राइम95’ काही तास चालवावे. उत्तरे आधीच माहीत असलेली गणिते ते सोडवून घेते, म्हणून चूक पकडली जाते. निळा पडदा निदान दिसतो तरी! चुकीचे गणित करत चालूच राहणारा संगणक फोटो, हिशेब गुपचूप बिघडवतो आणि बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत जाते.