पडदा लुकलुकतो, दोष कोणाचा?

दुकानातील कॉम्प्युटरचा पडदा लुकलुकू लागला की आपले बहुतेक व्यापारी बांधव दोनच गोष्टी करतात. आधी मॉनिटरला एक थाप मारतात, मग दुरुस्तीवाल्याला फोन लावतात. तो सांगेल ते खरे. कापड बोटांत धरले की आपण त्याचा पोत सांगतो, लाकडावर टिचकी मारून ते ओले की सुके ते ओळखतो. पण बिले, जीएसटी, डिझाइन आणि उधारीचा हिशेब ज्या यंत्रात आहे, त्याच्या बाबतीत मात्र डोळे मिटून बसतो. हे मला पटत नाही. अर्थात, मी हे ठेच लागल्यावर बोलतो आहे, हेही कबूल करतो.

माझे छपाईचे छोटे दुकान आहे. रमजानपूर्वी लग्नपत्रिकांची गर्दी असते. उर्दू मजकूर इनपेजमध्ये, नक्षी कोरलमध्ये, असे रात्री उशिरापर्यंत काम चालते. अशाच गर्दीत एका सकाळी पडदा थरथरू लागला. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि दोन मिनिटांत निकाल दिला, “पॅनल गेले, मॉनिटर बदला.” मी साडेसात हजार मोजून नवा आणला. तोही तसाच लुकलुकला! शेवटी शेजारी एम्ब्रॉयडरीची डिझाइन करणारा एक तरुण आला. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, उघडलेल्या खिडकीकडे पाहिले आणि म्हणाला, “चाचा, मॉनिटर धड आहे. रात्री अपडेट झाले असेल, ड्रायव्हर बिघडलाय.” दहा मिनिटांत काम झाले, तेही एका चहावर. पत्रिका मात्र दोन दिवस उशिरा गेल्या. ग्राहकाने पैसे कापले नाहीत, पण धाकट्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका त्याने दुसरीकडे छापून घेतल्या.

त्या तरुणाने जे केले ते कोणालाही जमण्यासारखे आहे. त्या तीन बटणांनी टास्क मॅनेजर उघडतो. इतर सगळ्यांबरोबर तोही लुकलुकत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. टास्क मॅनेजर स्थिर आणि बाकीचे थरथरत असेल तर एखादा प्रोग्रॅम विंडोजशी जुळत नाही, असे समजावे. अलीकडे काय नवीन टाकले ते आठवून त्याचे अपडेट पाहावे, नाहीतर तो काढून टाकावा. ड्रायव्हर बिघडला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असे बटण असते. ते दाबले की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिके दिसले तर मागचा ड्रायव्हर साठवलेला नाही. मग कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा.

पण यंत्र सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वीच पडदा थरथरत असेल, तर आधी केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. केबल बदलून पाहावी, घरच्या टीव्हीला जोडून पाहावे. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले तरच मॉनिटरवर संशय घ्यावा. मी हे केले असते तर साडेसात हजार वाचले असते.

आता मुख्य मुद्दा. ड्रायव्हरचा प्रकार कळल्यावर त्याच दुरुस्तीवाल्याने सल्ला दिला, “अपडेट कायमचे बंद करून देतो, पुन्हा त्रास नाही.” हा सल्ला आपल्या बाजारपेठांत सर्रास दिला जातो, आणि मला तो बिघाडापेक्षा घातक वाटतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस सुमारे दीडशे देशांत पसरला. लोकांच्या फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागत होता. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांच्याच यंत्रांत तो शिरला.

उलट बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट सुटले आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्या देशातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्यांचे असे झाले, तर आमच्या दुकानाचे काय घेऊन बसलात!

म्हणून अपडेट घ्यायचे, पण आपल्या सवडीने. विंडोजमध्ये ते काही काळ थांबवून ठेवता येते, आणि दुकानाच्या वेळात यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊ नये अशी वेळही ठरवता येते. लग्नसराई, ईदची खरेदी, जीएसटीच्या विवरणाची २० तारीख या दिवसांत ते थांबवावे, काम आटोपले की घ्यावे. त्याआधी डिझाइन आणि हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून तो यंत्रापासून वेगळा ठेवावा. जोडून ठेवलेला पेन ड्राइव्हही व्हायरस कुलूपबंद करतो.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. अपडेट नको म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे खरे कारण वेगळेच असते: सॉफ्टवेअर फुकटचे, ‘क्रॅक’ केलेले असते आणि अपडेट घेतले की ते बंद पडेल अशी भीती असते. दुसऱ्याचे डिझाइन चोरले तर आपण भांडायला उठतो, मग हे काय? शिवाय क्रॅकच्या पोटात काय दडले आहे ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या यंत्रांवर ११ बसतेच असे नाही, हा खर्च आता हिशेबात धरावाच लागेल.

माझ्या दुकानात आता शुक्रवारी दुपारी, शटर खाली असताना अपडेट होते. जुना मॉनिटर माळ्यावरून खाली उतरवला आहे. मुलगा त्यावर बिले पाहतो. अजून एकदाही लुकलुकला नाही.