लेसरच्या आधी तपासणी

धुळ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४१, दोन मुलं. अंगावरून पांढरं जातं म्हणून दाखवलं, तर ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, लेसरनं जाळू, नाहीतर पुढं पिशवीच काढावी लागेल’ असं सांगण्यात आलं. पाटल्या मोडू का, असं त्या विचारतात.

ताई, पाटल्या तूर्त डब्यातच राहू द्या.

आपल्याकडे दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनलाही सर्रास ‘लेसर’ म्हणतात. ते निराळं. लेसर म्हणजे एकवटलेला प्रकाशाचा झोत. पिशवीच्या तोंडासाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर वापरतात. तो १९६४ साली अमेरिकेत कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, बरं का!

या झोतानं पेशींतलं पाणी एकदम तापतं आणि त्या जागेची वाफ होऊन जाते. रक्त थोडं जातं, टाके नाहीत. पण ज्याची वाफ झाली, ते मागाहून तपासणार कसं? आत कर्करोगाची सुरुवात असली तर ती तशीच राहून जायची.

शिवाय ‘जखम’ म्हणतात ती पुष्कळदा जखम नसतेच. आतलं लालसर मऊ अस्तर बाहेर दिसत असतं, एवढंच. जंतूंमुळे पांढरं जात असेल तर औषधानं थांबतं. कधी यजमानांनाही औषध घ्यावं लागतं. (ते कुरकुरतील. द्यायचंच!)

म्हणून आधी तपासणी. व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावून मिनिटभर थांबतात. संशयाची जागा पांढरी पडते. मग तिथला कणभर तुकडा तपासायला पाठवतात. एचपीव्ही विषाणूचीही तपासणी असते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांना घेऊन अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली आला: ही तपासणी एकदाच केली, तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तुकड्यात कर्करोगापूर्वीचा बदल निघाला, तर लेसर चालतो. पण गोठवून किंवा तापल्या तारेनं काढूनही काम होतं, आणि खर्च कमी. नुसत्या पांढऱ्या जाण्यासाठी पिशवी काढू नका.

मात्र संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर कपाशीची वेचणी संपायची वाट बघू नका. धुळ्याला हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जळगावकडच्यांनी तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावं. पाळीचे दिवस टाळून जा आणि जुने कागद सोबत न्या.