पदक मागू नये म्हणणाऱ्यांस

‘शौर्यपदक मागायचे नसते, ते मिळते.’ निवृत्त जवानाच्या अर्जावर हे वाक्य असे काही फेकले जाते की पुढे बोलायची सोय उरत नाही. बोलणारा बहुधा खुर्चीत बसलेला असतो, ऐकणारा समोर उभा असतो. अर्जात मुळात मागितलेले काय असते, हे मात्र फार थोडे लोक वाचतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत असे अर्ज दोन प्रकारच्या माणसांचे असू शकतात. एक म्हणजे मूल, वरोरा, ब्रह्मपुरीकडचा माजी सैनिक. तो महार रेजिमेंटमधून निवृत्त झाला असेल, तर त्याची सगळी सेवा मध्य प्रदेशातल्या सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात कागदाच्या रूपाने पडलेली असते. दुसरा म्हणजे गडचिरोली पोलीस दलाचा, विशेषतः नक्षलविरोधी सी-६० पथकाचा जवान. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, १९९० मध्ये हे पथक उभे राहिले, आणि तेव्हापासून याच मातीतली पोरे याच जंगलात लढत आली. सैनिक असो की पोलीस, अर्जाचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो. अमुक दिवशी अमुक ठिकाणी मी होतो, कागदावर माझे नाव नाही. किंवा नाव आहे, पण जखम ‘अपघाती’ दाखवली आहे. किंवा मी केलेले काम दुसऱ्याच्या नावावर चढले आहे. ही नोंद दुरुस्त करा आणि मग पदकासाठी मी पात्र आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

यात हात पसरण्यासारखे काय आहे? पदकाची शिफारस जवान स्वतः लिहीत नाही. ती त्याचा अधिकारी लिहितो आणि ती पायरीपायरीने वर चढते. अधिकारी त्या चकमकीत मारला गेला, महिन्याभरात त्याची बदली झाली, किंवा त्याने आपल्या मर्जीतल्या माणसाचे नाव आधी लिहिले, तर खालच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या शौर्याचा एकमेव साक्षीदार दुसऱ्याने लिहिलेला एक परिच्छेद असतो आणि तो परिच्छेद त्याला दाखवलाही जात नाही. अशा व्यवस्थेत मागू नये म्हणणे म्हणजे चूक झाली तरी गप्प बस म्हणणे.

आणि अर्ज करणे सैनिकाला शोभत नाही हे ज्ञान कुठून आले? महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा १८९० च्या दशकात गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनर सैनिकाने विनंती अर्जच लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. या अर्जांनी आधार घेतला तो पूर्वजांच्या लष्करी सेवेचा. म्हणजे तुमच्याच पदरी आम्ही काय केले ते आठवा, असे सरकारला बजावले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता, आणि त्या रेट्यामागे या अर्जांची परंपरा होती. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या चंद्रपूरच्या माजी सैनिकाला अर्जाची लाज कुणी शिकवू नये.

आता दुसरा आक्षेप. कागद असा सहजासहजी चुकत नाही, म्हणे. देशातल्या सर्वोच्च शौर्यपुरस्काराकडेच पाहू. टायगर हिलवर ४ जुलै १९९९ रोजी लढलेल्या १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्र सिंह यादव यांना परमवीर चक्र जाहीर झाले ते मरणोत्तर. यादव तेव्हा रुग्णालयात जिवंत होते. गेले होते ते त्यांच्याच पलटणीतले नामसाधर्म्य असलेले दुसरे जवान. देशाची नजर ज्या यादीवर खिळलेली असते, त्या यादीत जिवंत माणूस मृत ठरू शकतो. मग भामरागड तालुक्यातल्या एखाद्या पोलीस मदत केंद्रावर, जिथे एकाच तुकडीत दोन आत्राम आणि तीन मडावी असणे नवलाचे नाही, तिथे कुणाचे काम कुणाच्या नावावर गेले असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

चूक दरवेळी भोळीच असते असेही नाही. कारगिलमध्ये बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंह यांना मिळाले ते विशिष्ट सेवा पदक, म्हणजे उत्तम सेवेबद्दलचे, रणांगणातल्या शौर्याबद्दलचे नव्हे. वरिष्ठांनी लिहिलेला लढाईचा अहवाल पक्षपाती होता, असे २०१० मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने ठरवले. ब्रिगेडियरच्या बाबतीत, तेही दूरचित्रवाणीवर दिसलेल्या युद्धात, हे घडू शकते. तिथे निदान वकील लावण्याची ऐपत होती आणि दाद मागायला न्यायाधिकरण होते. गडचिरोलीच्या पोलिसाला तेही दार नाही, कारण ते न्यायाधिकरण फक्त सैन्यासाठी आहे.

‘आता इतकी वर्षे झाली, जुने कशाला उकरता?’ हा तिसरा आक्षेप मला सर्वांत दांभिक वाटतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात २००२ मध्ये झालेल्या एका चकमकीबद्दल एका पोलीस अधिकाऱ्याला शौर्यपदक दिले गेले होते. पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्या चकमकीच्या खरेपणावर बोट ठेवले आणि २०१७ मध्ये ते पदक काढून घेण्यात आले. हे योग्यच झाले. पण मग चुकीने दिलेले परत घ्यायला सरकार दीड दशक मागे जाऊ शकते, तर चुकीने राहून गेलेले द्यायला का जाऊ शकत नाही? फाईल तीच, कपाट तेच. मुदतीचा अडसर एकाच दिशेने का?

खेळाच्या बाबतीत तर आपण आनंदाने मागे जातो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले जवान, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये. तेव्हा कुणी विचारले नाही की एवढी वर्षे झाली, आता कशाला. उलट सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ब्रिटिशांचे उदाहरण देऊन कुणी म्हणेल की त्यांच्याकडे पाच वर्षांपलीकडच्या घटनेला पदक द्यायचे नाही असा संकेत आहे. आहे खरा. पण त्याच ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर ध्रुवाकडच्या जहाजी ताफ्यांसाठी ‘आर्क्टिक स्टार’ काढला तो २०१३ मध्ये. अमेरिकेने तर १९४६ पासून लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळेच ठेवली आहेत. तिथेही तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी ती बाजूला ठेवता येते. काळ्या सैनिकांची दुसऱ्या महायुद्धातली कामगिरी वर्णद्वेषामुळे दाबली गेली होती, हे मान्य करून १९९७ च्या जानेवारीत सात जणांना सर्वोच्च पदक दिले गेले. त्या दिवशी सातांपैकी एकच, व्हर्नन बेकर, ते घ्यायला जिवंत होते. ही दिरंगाई कौतुकाची नव्हे. पण ‘जुने झाले’ हे उत्तर त्यांनी शेवटचे मानले नाही.

पुराव्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. वीस वर्षांनी माणसाची आठवण रंग चढवते. युद्धस्य कथा रम्या, आणि सांगणाऱ्याच्या तोंडून तर अधिकच. कुणी खोटेही सांगेल. एका खऱ्या अर्जामागे चार खोटे येतील, ही भीती मी मान्य करतो. पण ती कारण आहे तपासणीचे, नकाराचे नव्हे.

रेझांग ला आठवा. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चुशूलजवळ १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, सुमारे १२० जवान, मेजर शैतान सिंह यांच्या हाताखाली शेवटच्या गोळीपर्यंत लढली. वाचून आलेल्या मूठभर जवानांनी हे सांगितले तेव्हा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. १९६३ च्या सुरुवातीला बर्फातले मृतदेह सापडले, खंदकात, हातात शस्त्र धरलेल्या स्थितीत. तोंडी साक्षच खरी निघाली. बर्फ नसता तर ते जवान आयुष्यभर बढाईखोर ठरले असते.

आणि गडचिरोलीत तर सरकारने तोंडी साक्षीला कायद्यात जागा दिलेली आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांच्या यादीत दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले कथन बसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्याखाली. पिढ्यान्पिढ्यांच्या वहिवाटीसाठी म्हाताऱ्याची आठवण चालते. त्याच तालुक्यातल्या चकमकीत शेजारी झोपून गोळीबार केलेल्या सहकाऱ्याची आठवण का चालू नये?

शिवाय इथे नुसत्या आठवणीवर अवलंबून राहायची गरजच नाही. हिमालयातल्या युद्धापेक्षा गडचिरोलीतल्या चकमकीचा कागद दाट असतो. प्राथमिक खबर असते, ठाण्याची डायरी असते, बिनतारी संदेशांची नोंद असते, कुणाला किती काडतुसे दिली आणि किती परत आली याचा हिशेब असतो, जखमींचे वैद्यकीय कागद असतात, दंडाधिकाऱ्यांची चौकशी असते. मागच्या तारखेने यांतला एखादा कागद बदलता येईल, पण सगळे एकदम बदलणे अवघड आहे. ते एकमेकांशी ताडून पाहायचे काम कुणी तरी केले पाहिजे, एवढेच. तिथेच घोडे पेंड खाते. कारण एक नोंद उघडली की दुसऱ्याही उघडतात.

म्हणूनच शेवटचा आक्षेप, जो मानवाधिकारवाले घेतात, तो मला आक्षेप वाटतच नाही. ते म्हणतात, या जंगलात पदके वाटू नका, पदकाच्या आशेने चकमकी घडतात. २२ एप्रिल २०१८ ची बोरिया-कसनसूरची चकमक आणि दुसऱ्या दिवशीची पुढची कारवाई मिळून ४० जण ठार झाल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि त्यावर सत्यशोधन पथकांनी प्रश्न विचारले. असे प्रश्न विचारणे देशद्रोह नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २३ सप्टेंबर २०१४ रोजी, पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपारितोषिक देऊ नये, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यावे असे बजावले आहे. हा आदेश महाराष्ट्राच्या खटल्यातला आहे हे विसरू नये. आता याच आदेशाचा दुसरा अर्थ पाहा. शौर्य सिद्ध करायचे तर चौकशी पूर्ण व्हायला हवी, आणि चौकशी म्हणजे नोंद. खरी नोंद निरपराध आदिवासीला वाचवते आणि खरोखर लढलेल्या जवानालाही. खोटी नोंद दोघांनाही बुडवते आणि तिसऱ्याच कुणाच्या छातीवर पदक लावते. जो जवान माझी नोंद तपासा म्हणतो तो चौकशीला घाबरत नाही, हे तरी मान्य करा.

मग करायचे काय? नोंदीची दुरुस्ती आणि पदकाचा निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. आज त्या एकात एक अडकल्या आहेत. पदक देता येत नाही म्हणून नोंद बघायची नाही, आणि नोंद नाही म्हणून पदक देता येत नाही. चुकीच्या नोंदीची दुरुस्ती हा हक्क असावा, मुदतीशिवाय. पदक हा सरकारचा विवेक राहू द्यावा. दुरुस्त नोंदीनंतरही एखाद्याला पदक मिळाले नाही तर तो नाराज होईल, पण खोटा ठरणार नाही. ज्याची जखम ‘अपघाती’ सोडून ‘लढाईतली’ ठरेल, त्याला तर पेन्शनमध्येही फरक पडतो, म्हणजे हा प्रश्न केवळ मानाचा नाही, घरखर्चाचाही आहे.

दुसरे, पोलिसांसाठी आणि केंद्रीय राखीव पोलीस दलासाठी दाद मागायची जागा हवी. एक निवृत्त न्यायाधीश, त्या मोहिमेशी संबंध नसलेला एक अधिकारी, आणि स्थानिक भाषा जाणणारा एक सदस्य असलेले मंडळ नागपूर किंवा गडचिरोलीत बसले तर मुंबईला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. माडिया बोलणाऱ्या जवानाचा जबाब दुभाष्याशिवाय घेता येईल. शिफारशीत माझ्याबद्दल काय लिहिले आहे ते पाहण्याचा अधिकार अर्जदाराला मिळावा. गुप्तता पाळायची असेल तर मोहिमेची पाळा, माणसाच्या नावाची कशासाठी?

चंद्रपूरजवळ २०१९ पासून सैनिकी शाळा चालते. तिथल्या मुलांना शौर्याचे धडे देणारे खूप भेटतील. खरा गृहपाठ मात्र मोठ्या माणसांसाठी आहे आणि तो २००९ सालापासून सुरू व्हावा. त्या एका वर्षात गडचिरोलीत तीन मोठे घाव बसले: १ फेब्रुवारीला मरकेगाव, १५ पोलीस; २१ मे रोजी हत्तीगोटा, १६ पोलीस, त्यांत पाच महिला; ८ ऑक्टोबरला लाहेरी, १७ पोलीस. मृतांची नावे स्मारकांवर आहेत. त्या लढतींतून जे परत आले, ज्यांनी सहकाऱ्यांना ओढून आणले, दारूगोळा संपत आला तरी जागा सोडली नाही, त्यांचे वय आता निवृत्तीकडे झुकले आहे. तेव्हाचे अधिकारी राज्यभर विखुरले आहेत, काही सेवेबाहेर गेले आहेत. पहिले काम म्हणून या तीन घटनांतल्या प्रत्येक वाचलेल्याचा जबाब घ्यावा, त्या दिवसांच्या डायऱ्या, बिनतारी नोंदी आणि काडतुसांचे हिशेब एका ठिकाणी जमवून ताडावेत, आणि तयार झालेल्या नोंदीची प्रत त्या जवानाच्या हातात द्यावी.