शस्त्रे पोहोचली, हमीचे काय?

अमौसी विमानतळ ज्या सरोजिनीनगर तहसिलीत आहे, तेथीलच भटगावच्या कारखान्यातून ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्राह्मोस क्षेपणास्त्रांची पहिली खेप रवाना झाली. या नावात निम्मी ब्रह्मपुत्रा आहे, निम्मी रशियाची मॉस्क्वा. युक्रेनविषयी दिल्ली इतकी जपून का बोलते, याचे अर्धे उत्तर येथे मिळते. (उरलेले अर्धे स्वस्त तेलात.)

फेब्रुवारी २०२२ मधील आक्रमणानंतर पाश्चात्त्यांनी युक्रेनला शस्त्रे आणि पैसा पुरवला. मात्र मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवस लष्करी मदत रोखताच उसन्या बळाची मर्यादा उघडी पडली. शांततेचा खरा पेच हमीचा आहे. १९९४ मध्ये बुडापेस्टच्या समझोत्यानुसार युक्रेनने वाट्याला आलेली सोव्हिएत अण्वस्त्रे सोडली. त्याच्या सीमांचा आदर राखण्याचे वचन अमेरिका व ब्रिटनबरोबर रशियानेही दिले होते. त्याच रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया गिळंकृत केला. मिन्स्कच्या दोन समझोत्यांनीही शांतता आणली नाही. अशा देशाने आणखी एका कागदावर विसंबून शस्त्रे खाली का ठेवावीत?

हे युग युद्धाचे नव्हे, असे पंतप्रधान मोदी यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंद येथे पुतिन यांना ऐकवले, ते उचितच होते. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आक्रमणाच्या निषेधाचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. संवादाचा सल्ला देणाऱ्या दिल्लीकडे कीव्ह पाहते, ते ही तटस्थता लक्षात ठेवूनच.