‘स्थळ’, ‘साबर बोंडं’ आणि शहरी प्रेक्षक

२०२५ मध्ये प्रदर्शित झालेले दोन मराठी चित्रपट नुकतेच लागोपाठ पाहण्यात आले. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ ७ मार्चला चित्रपटगृहांत आला, तर रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबरला. दोघेही दिग्दर्शक आपल्या पहिल्याच कथापटाने जगापुढे आले. ‘स्थळ’ला २०२३ च्या टोरांटो महोत्सवात ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला. ‘साबर बोंडं’ने २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. पुण्यातील सुजाण प्रेक्षकांनीही दोहोंचे कौतुक केले. मात्र या कौतुकात एक शेरा वारंवार ऐकू येतो: ‘गावाकडचे वास्तव चांगले दाखवले आहे.’ हा शेरा तपासून पाहण्याची गरज आहे.

‘स्थळ’ घडतो तो विदर्भातील एका खेड्यात. सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षा देऊन स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची तिची इच्छा आहे. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या तिच्या वडिलांना मात्र मुलीचे लग्न उरकण्याची चिंता आहे. पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, पुरुषांच्या रांगेसमोर सविता बसते. नाव, शिक्षण, उंची असे ठरलेले प्रश्न विचारले जातात. पाहुणे जातात आणि काही दिवसांनी नकार येतो. रंग सावळा, उंची कमी. मग पुन्हा दुसरे स्थळ, पुन्हा तेच प्रश्न. दिग्दर्शकाने ही पुनरावृत्ती टाळलेली नाही आणि तेच या चित्रपटाचे बळ आहे. पहिल्या वेळी प्रेक्षागृहात हशा पिकतो, तिसऱ्या वेळी तो ओसरतो. सुरुवातीच्या स्वप्नदृश्यात मुलीकडची मंडळी मुलाला ‘पाहायला’ येतात. एका साध्या उलटापालटीने प्रथेचे विद्रूप रूप उघडे पडते. नंदिनी चिकटे हिने सविताचा अपमान फारसे न बोलता, केवळ नजरेतून पोहोचवला आहे. महाविद्यालयातील प्राध्यापकाचे उपकथानक मात्र जरा ठरवून रचल्यासारखे वाटले.

‘साबर बोंडं’ हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतो. वडिलांच्या निधनानंतर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी मूळ गावी येतो. तिशीतला हा मुलगा अजून अविवाहित कसा, हा प्रश्न दुखवट्याच्या घरातही नातेवाइकांना स्वस्थ बसू देत नाही. आनंद समलिंगी आहे; आईला ते ठाऊक आहे आणि नातेवाइकांपुढे तीच त्याची ढाल होते. गावात त्याला बालमित्र बाळ्या भेटतो. त्याच्याही मागे लग्नाचा लकडा लागलेला आहे. दोघांमधील जवळीक कानवडे यांनी गाजावाजा न करता दाखवली आहे. काटे काढून हाती दिलेले साबराचे फळ यापलीकडे प्रेमाची मोठी खूण चित्रपटाला लागत नाही. पार्श्वसंगीताचाही आधार घेतलेला नाही. काही प्रसंग आणखी आटोपशीर झाले असते तर बरे झाले असते. पण भूषण मनोज आणि जयश्री जगताप यांनी साकारलेले मुलगा-आईचे नाते मराठी पडद्यावर विरळाच आढळते.

आता मूळ मुद्दा. हे चित्रपट ‘गावाकडचे’ आहेत असे म्हणून आपण स्वतःची सोडवणूक करून घेतो काय? चहा-पोह्यांचा कार्यक्रम पुण्यातल्या सदनिकांमध्येही होतो. फरक इतकाच, की उंची आणि वर्ण यांची विचारणा आधीच विवाह संकेतस्थळावरील रकान्यांत उरकलेली असते. हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे. तरीही मे २०२५ मध्ये पुणे परिसरातील एका सधन घरातील विवाहितेचा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ झाल्याच्या आरोपांनी महाराष्ट्र हादरला. तेथे दारिद्र्य नव्हते आणि शहरही दूर नव्हते. आनंदची अडचणही खेड्यापुरती नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी परस्पर संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. कायद्याने भय कमी झाले, परंतु ‘लग्न कधी?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्याची सोय शहरातल्या घरांतही फारशी झालेली नाही.

या विषयावर पुण्याने कधीकाळी स्वतःकडे पाहण्याचे धैर्य दाखवले होते, हे येथे आठवते. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. त्यानंतर १९३७ मध्ये, आज जेथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारात, प्रभात फिल्म कंपनीने ‘कुंकू’ निर्माण केला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो बेतला होता. फसवून वृद्ध वकिलाशी लावून दिलेले लग्न मानण्यास ठाम नकार देणारी नीरा शांता आपटे यांनी उभी केली. खुद्द पुण्यात संततिनियमनाचे कार्य करणाऱ्या शकुंतला परांजपे यांनी त्यात वकिलाच्या मुलीची भूमिका केली होती. ‘कुंकू’तही गाणी वगळता पार्श्वसंगीताऐवजी नैसर्गिक ध्वनींवर भिस्त होती. विशेष म्हणजे यातला अपराधी कोणी अडाणी खेडूत नव्हता; तो शिकलेला, प्रतिष्ठित गृहस्थ होता. समोर बसलेल्या प्रेक्षकाला ‘हे दुसऱ्या कोणाचे आहे’ असे म्हणण्याची मुभा शांतारामांनी ठेवली नव्हती.

सोमलकर आणि कानवडे यांनी आपापल्या परिचयाच्या भूमीवर चित्रपट उभे केले, आणि ते योग्यच झाले. कानवडे यांच्या कथेमागे तर त्यांच्या स्वतःच्या पितृवियोगाचा अनुभव आहे. त्यांनी शहराची गोष्ट का सांगितली नाही, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. ते काम प्रेक्षकाने करायचे आहे. सविताला प्रश्न विचारणाऱ्या रांगेत आपण कधी बसलो होतो का, आपल्या घरातल्या आनंदला आपण काय विचारतो, हे चित्रपटगृहातून बाहेर पडताना मनात आले तर या दोन्ही कलाकृतींचे मोल आपल्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल. परदेशी परीक्षकांनी त्यांचे कर्तव्य केले आहे. मराठी प्रेक्षकाचे अजून बाकी आहे.